दादाची दहा बोटं

४ मार्च

बुटके,

हरलो. एका पॉइंटने. तुला काय, तुझ्या त्या पिवळ्यांच्या शहरात काल गाड्या हॉर्न वाजवत फिरल्या असतील. आमच्याकडे मात्र सगळे आजारी असल्यासारखे घरी गेले.

काकूने फोनवर मॅचचा विषय काढायचा नाही असा नियम केला (तू फोन आपटलास तेव्हापासून), ते एका परीने बरंच झालं. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

तर ऐक. हे हरणं मला साधं वाटत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

मान्य, आपली बास्केटबॉल टीम, आपले बगळे, म्हणजे कालपर्यंत दप्तर पाठीला लावून फिरणारी पोरं. पण तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आपण पुढे होतो. चौथ्यात पिवळे चिकटत चिकटत आले आणि एका पॉइंटने पुढे गेले. मास्तरांनी टाइमआउट घेतला. बॉल आपला. शेवटचे दहा सेकंद. मी नेहमीसारखा बाकावर चढलो, दहाही बोटं वर केली, अख्खा स्टँड उभा राहिला आणि मोजायला लागला. काय आवाज होता. छत उडतंय की काय असं वाटलं.

बॉल सुतळीकडे. सुतळी म्हणजे आपल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा, तू इथे असताना ज्याचा पुढचा दात तुटला होता तो. लंबू रिंगखाली एकटा, हात वर करून उभा. नुसता पास द्यायचा होता. आणि हा पठ्ठ्या लांबून, एका पायावर, असा काय बॉल फेकतो की रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर. रेडिओवाला नंतर सांगत होता की अजून पाच सेकंद शिल्लक होते. पाच सेकंदांत माणूस चष्मा काढतो, पुसतो आणि परत घालतो. मी रोज बघतो दुकानात. त्याला एवढी कसली घाई होती?

आणि सुतळीच्या पायात नवे बूट आहेत. विचारलं तर म्हणतो मावशीने दिले. इतकी वर्षं वर राहतोय, त्याला मावशी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तू तिथेच आहेस. कान उघडे ठेव. पिवळ्यांत सुतळीचं नाव कुणी काढतं का बघ. तुझ्या लॅबमध्ये दात करून घ्यायला येणारे डॉक्टर बडबडे असतात म्हणालीस ना.

काकू ठीक. गुडघा सोडून.

दादा


१० मार्च

दादा,

तू चष्मे विकतोस की गुप्तहेरी करतोस?

मी मॅच रेडिओवर ऐकली. लॅबमध्ये, हातभर प्लास्टर, साच्यात ओतता ओतता. शेवटच्या क्वार्टरमध्ये एका आजोबांची कवळी वाकडी झाली, ती परत करावी लागली. म्हणजे तुमच्या हरण्याचे परिणाम त्यांच्या जेवणापर्यंत पोचले.

आता मुद्द्याचं. आपण का हरलो याची कारणं दिसतायत ती बघ ना, न दिसणारी कशाला शोधतोस? पोरांनी फ्री थ्रो किती घालवले? लंबूचे चार फाउल झाले होते, तो घाबरून कुणाला अडवतच नव्हता. आणि मास्तरांनी सुतळीला एकदाही बाहेर बसवलं नाही, पूर्ण मॅच पळवलं. शेवटी त्याचे पाय राहिले असतील का जाग्यावर? मास्तरांनाही ते कळलं होतं. म्हणून तर बॉल बाहेर गेल्यावर त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळून उभे राहिले. चूक दुसऱ्याची असती तर माणूस असा भिंतीकडे नाही वळत.

बुटांचं म्हणशील तर, मावशा असतात रे लोकांना. तुला चुलत बहीण आहे हे तरी किती गिऱ्हाइकांना माहितीये?

सुतळी पोरगा साधा आहे. त्याच्या मागे लागू नकोस. आईला गुडघ्याला शेकायला सांग, आणि तू सांग, माझं ती ऐकत नाही.

बुटकी


१७ मार्च

बुटके,

तीन गोष्टी. नीट बसून वाच.

पहिली. हॉलचा दरवान काल चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला होता. तो म्हणतो, मॅच संपल्यावर मागच्या दाराशी, जिथे पिवळ्यांच्या बस उभ्या होत्या, तिथे सुतळी उभा होता. एकटा नाही. समोर कुणीतरी पिवळं जॅकेट, टोपी डोक्यावरून पुढे ओढलेली. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मग जॅकेटवाल्याने खिशातून छोटंसं पाकीट काढून सुतळीच्या हातात दिलं. सुतळीने इकडे तिकडे बघितलं आणि मोज्यात घातलं. मोज्यात. साध्या पोरांचे खिसे कुठे गेले असतील?

दुसरी. कट्ट्यावर सगळे पेटलेत. बेकरीवाला म्हणतो, सुतळीला काढा नाहीतर आम्ही हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. आपण नसलो तर तो हॉल म्हणजे रिकामं गोदाम आहे हे क्लबलाही माहीत आहे. तेव्हा पुढच्या मॅचच्या आधीच्या रविवारी बैठक आहे. क्लबला अर्ज द्यायचा, पहिली सही माझी. माझी सही असली की ते मान तुकवतात, एवढी वर्षं स्टँड मी सांभाळलाय. मग सुतळी कायमचा बाहेर. या वयात एकदा असं नाव झालं की दुसरा कुठला क्लबही घेत नाही, हे मलाही कळतं. पण करायचं काय?

तिसरी. ही मी मुद्दाम शेवटी ठेवली. मास्तरांनी टॉवेल तोंडावर घेतला, भिंतीकडे वळले, हे तुला कुणी सांगितलं? बसड्रायव्हर सगळी मॅच गाडीत रेडिओवर ऐकतो, त्याला विचारलं. तो म्हणाला रेडिओवाले टॉवेलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मास्तरांच्या बायकोला विचारलं, ती म्हणाली हो, घेतला होता. मलाही ते माहीत नव्हतं, आणि मी तिथे होतो.

म्हणजे तुला तिकडून कुणीतरी बातम्या देतंय. पिवळ्यांपैकी. कोण आहे तो? आणि तू सुतळीची एवढी बाजू का घेतेस?

मी भांडत नाही. विचारतोय.

दादा


२२ मार्च

दादा,

टॉवेलचं कुणीतरी बोललं असेल, माझ्या कानावर पडलं असेल. इथे सगळीकडे त्याच मॅचच्या गप्पा आहेत. प्रत्येक गोष्टीची पावती नसते माझ्याकडे.

तू विचारतोस तर मीपण विचारते. लंबू रिंगखाली एकटा होता, हात वर करून, हे तुला कुणी सांगितलं?

आठव जरा. मी कॉलेजात असल्यापासून तुझ्या बाकाच्या समोरच्या रांगेत बसायचे. शेवटचे दहा सेकंद आले की तू बाकावर चढतोस आणि आमच्याकडे तोंड करतोस. कोर्टाकडे पाठ. घड्याळही तुझ्या पाठीमागे, कोर्टाच्या टोकाच्या भिंतीवर. तू बोटं मिटत जातोस, आम्ही ओरडत जातो. आम्ही कोर्ट बघतो, तू आम्हाला बघतोस. शेवटचे दहा सेकंद तू आजपर्यंत एकाही मॅचचे बघितलेले नाहीस. मला तर नेहमी गंमत वाटायची, की सगळ्यांत जास्त कळवळा ज्याला, त्यालाच शेवट दिसत नाही.

मग सुतळीने एका पायावर फेकला, मागच्या कडेला लागला, लंबू एकटा होता, हे सगळं तू इतकं चष्म्याच्या नंबरासारखं कसं लिहितोस? आणि त्यावर सही करणार?

बातम्या देणारं माझं कुणी नाही. असता तर निदान सिनेमाला तरी नेलं असतं.

बुटकी


२८ मार्च

(दुकानातला नंबर लिहायचा कागद आहे, उलटा वापरतोय. दुसरा हाताशी नव्हता.)

बुटके,

तुझं पत्र वाचून दोन दिवस दुकानात धड लक्ष नव्हतं. एका बाईंना दुसऱ्याच कुणाचा चष्मा देऊन टाकला. त्या म्हणाल्या छान दिसतंय.

कट्ट्यावर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, लंबू कुठे होता. बेकरीवाला म्हणतो रिंगखाली, एकटा. मी म्हटलं तू बघितलंस? तर म्हणतो, तूच तर सांगितलंस. शिंपीणबाई म्हणतात लंबू पडला होता. त्यांचा मुलगा म्हणतो दोघे त्याच्या अंगावर होते. मला कुणी सांगितलं होतं ते आठवायला बसलो, तर वाटतं बेकरीवाल्यानेच. म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडून ऐकलं आणि मी सगळ्यांकडून.

ठीक आहे. लंबूचं सोडून दिलं.

पण पाकीट सुटत नाही. आणि आता नवीनच प्रकरण निघालंय. काल रेडिओच्या साइटवर जाऊन मॅचचं रेकॉर्डिंग शोधलं. दहा वेळा ऐकलं. आमचा आवाज स्पष्ट येतो. दहा, नऊ, आठ, करत शून्यावर येतो. आणि भोंगा वाजत नाही. आम्ही संपलो तरी खेळ चालूच. नुसती गडबड, बुटांची करकर, मग कितीतरी वेळाने भोंगा. कळतंय का तुला? घड्याळ हळू चालवलंय. टेबलावर जो बटण दाबायला बसतो ना, जाड मिशीवाला, त्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तो आणि सुतळी मिळालेले असणार.

रविवारी बैठक. अर्ज टाइप होऊन आलाय. त्यात मिशीवाल्याचंही नाव घालायचं म्हणतोय.

तू टॉवेलचं उत्तर दिलं नाहीस. माझ्या लक्षात आहे.

दादा


३१ मार्च

दादा,

हे पत्र आईसमोर उघडू नकोस. दुकानात वाच, शटर ओढून. कुरिअरने पाठवतेय, रविवारच्या आत मिळायला हवं.

आधी मिशीवाल्याला सोड. शेवटी पुढे कोण होतं? पिवळे. घड्याळ हळू चाललं तर फायदा कुणाचा, जो मागे आहे त्याचा, म्हणजे आपला. आपल्यालाच हरवायला आपल्यालाच जास्त वेळ देणारा बदमाश मी तरी ऐकला नाही.

आता टॉवेल. मी बघितला. मी तिथे होते.

आमच्या लॅबच्या मालकांनी पिवळ्यांच्या बसमध्ये सगळ्यांच्या जागा धरल्या होत्या. मी तुला आणि आईला सुट्टी नाही म्हणून सांगितलं होतं, ते तेव्हा खरंच होतं, नंतर मिळाली. मला आपला हॉल बघायचा होता. ठरवलं होतं की जिंकलो की जॅकेट काढून कोर्ट ओलांडून तुझ्या बाकापाशी येईन आणि तू बेशुद्ध पडशील. हरलो. मग त्या पिवळ्या जॅकेटात, नाचणाऱ्या लोकांच्या मधून, तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने यायचं? म्हणून टोपी पुढे ओढली आणि मागच्या दाराने गेले.

हो. दरवानाने बघितलं ते जॅकेट माझं. जॅकेटं मालकांनी वाटलेली, पुरुषांच्या मापाची, म्हणून त्याला मी बाई वाटले नसेन.

पाकिटात सुतळीचं दातांचं गार्ड होतं. त्याचा दात तुटला तेव्हा मी निघण्याआधी त्याच्या दातांचा साचा घेतला होता. लॅबमधल्या उरलेल्या मालातून बनवलं, निळं, आपल्या रंगाचं. पोस्टाने का नाही पाठवलं विचारशील, तर वरच्या मजल्यावर जाणारं कुठलं पार्सल तुझ्या हाताखालून न उघडता गेलंय ते सांग. आणि तू एकदा त्याला म्हणाला होतास ना, गार्ड घालून खेळणारे घोड्यासारखे दिसतात? पोरगा तुला घाबरतो. म्हणून मोज्यात.

आता जे लिहितेय ते लिहायचं नव्हतं. पण तू सही करणार आहेस.

समोरच्या स्टँडमधून सगळं दिसतं, दादा. आमच्या बाजूने तुझी पाठ आणि तुझ्या डोक्यावर तुझी बोटं. आणि मान जरा वळवली की घड्याळ. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला आणि घड्याळाला एकत्र बघितलं. तू दहाला बरोबर सुरू केलंस. मग सुतळीने बॉल घेतला, स्टँड ओरडला, आणि तुझी बोटं पळत सुटली. तुझ्या हातात दोन बोटं राहिली होती तेव्हा घड्याळावर सहा होते. सुतळी रिंगकडे तोंड करून होता, दोन पिवळे त्याच्या अंगावर. तो घड्याळ बघायला मागे वळणार कसा? त्याने तुमचं मोजणं ऐकलं. "दोन" ऐकलं आणि होता तिथून फेकला. फेकेपर्यंत पाच. लंबू तेव्हा रिंगकडे यायला निघाला होता, अजून पोचायचा होता. एकटा नव्हता, पडलेलाही नव्हता.

भोंगा उशिरा वाजला नाही रे. तुम्ही लवकर संपलात.

बसपाशी मी सुतळीला विचारलं, एवढी घाई का केलीस. तो म्हणाला, "ताई, लहानपणापासून ऐकतोय ते. ते चुकेल असं डोक्यातच नाही आलं." मी म्हटलं, मग सांग ना दादाला. तर म्हणाला, नको. "दादा मोजायचे थांबले तर त्या हॉलमध्ये खेळून काय करायचं?"

बस. एवढंच होतं.

पुढच्या मॅचला यायला जमणार नाही, आता खरंच सुट्टी नाही. रेडिओवर ऐकीन. या वेळी खरंच रेडिओवर.

बुटकी


१२ एप्रिल

बुटके,

मुद्दाम उशिरा लिहितोय. आधी राग होता. मग राग कुणावर आहे ते ठरेना.

बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत झाली, पिठाच्या पोत्यांवर बसून. अर्ज माझ्यापुढे ठेवला. पेन बेकरीवाल्याने स्वतःचं दिलं. मी म्हटलं, मी सही करू शकत नाही, मी बघितलेलं नाही. कुणाला कळेना. बेकरीवाला म्हणाला, "अरे, तू नाही बघितलंस तर कुणी बघितलं?" मग उभा राहिलो, त्यांच्याकडे तोंड केलं, बोटं वर केली आणि विचारलं, सांगा, आता माझ्या मागे भिंतीवर काय आहे ते मला दिसतंय का. शिंपीणबाई म्हणाल्या, "कॅलेंडर आहे." त्यांना वाटलं मी खरंच विचारतोय.

मग सगळं सांगितलं. बोटांचं, आणि पाकिटाचं. जॅकेट तुझं होतं हेही सांगावं लागलं, नाहीतर पाकीट सुटत नव्हतं. रागावू नकोस.

त्याचा परिणाम असा की आता संशय माझ्यावर आहे. बहीण पिवळ्यांच्या बसमधून फिरते, भाऊ ऐन वेळी सही नाकारतो, याचा अर्थ काय, असं बेकरीवाला गावभर विचारत फिरतोय. ब्रेड देताना माझ्याकडे बघत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि त्याच्यापेक्षा बरं केलं असतं. पण माझ्या सहीशिवाय अर्ज न्यायला कुणी तयार होईना. तो तिथेच टेबलावर राहिला, कुणीतरी त्यावर कप ठेवला, गोल डाग पडला. सुतळी टीममध्ये आहे.

त्याला मी जिन्यात गाठलं. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं, "गार्ड बसतंय का नीट?" तो म्हणाला, "हो." मग तो वर गेला आणि मी खाली.

आता मॅच. माझ्या बाकाभोवती जागा सोडून बसले होते सगळे, मला खोकला झाल्यासारखे. आणि परत तेच. एका पॉइंटने मागे, बॉल आपला, शेवटचे दहा सेकंद. मोजायला कुणी उठेना. बेकरीवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. हॉल एकदम गप्प. आणि सुतळी बॉल हातात घ्यायच्या आधी आपल्या स्टँडकडे बघतोय. तोंडात निळं काहीतरी. घोड्यासारखा दिसत नाही, खोटं कशाला बोलू.

मी बाकावर चढलो. पण या वेळी उलटा. स्टँडकडे पाठ केली, कोर्टाकडे तोंड, बोटं डोक्यावर, मागच्यांना दिसतील अशी. नजर घड्याळावर. घड्याळ बदललं की एक बोट. मागून आधी शिंपीणबाईंचा आवाज आला, मग त्यांच्या मुलाचा, मग सगळ्यांचा. बेकरीवाल्याचाही. त्याचा ओळखू येतो.

बुटके, एक सेकंद केवढा मोठा असतो गं. मला कल्पना नव्हती. बोट मिटायला आतुर झालेलं असतं आणि ते घड्याळ हलत नाही. तुम्ही लोक हे दर मॅचला उघड्या डोळ्यांनी बघता? बघवतं कसं तुम्हाला?

तर पाच बोटं राहिली होती. सुतळी थांबला. खरंच थांबला, बॉल टपटप करत, जणू त्याला कुठे जायचंच नाहीये. चार बोटं राहिली आणि त्याने लंबूकडे पास टाकला.

पुढचं मला सांगता येत नाही. कारण कोर्टाकडे तोंड केलं की कोर्टाच्या पलीकडचा स्टँडही दिसतो. पाहुण्यांच्या बाजूचा, अर्धा रिकामा. त्यात चौथ्या रांगेत एक बुटकी बाई, या वेळी निळं जॅकेट, मापाचं. नजर घड्याळावर आणि तोंड हलत होतं. माझ्याबरोबर मोजत होती की माझं तपासत होती, ते मला अजून कळलेलं नाही. मी बघतच राहिलो. बोटं आपोआप मिटली. मग भोंगा वाजला आणि अख्खा स्टँड मागून माझ्या अंगावर कोसळला, तेव्हा कळलं की बॉल आत गेला. वर बघितलं तोवर तू गायब.

म्हणजे शेवट मला याही वेळी दिसला नाही. इथे कुणाला विचारायची आता हिंमत नाही, एकेक जण एकेक सांगतो. तेव्हा तू लिही. लंबूने बॉल कसा घेतला, कुठल्या हाताने टाकला, आधी काचेला लागला की सरळ आत. सगळं लिही. तू म्हणशील ते खरं.

आणि रेडिओवर ऐकलं असं लिहू नकोस. काकूला मी अजून काही बोललेलो नाही. पण त्या रात्रीपासून ती जेवताना एक ताट जास्त काढते आणि मग परत ठेवते. तिला कुणी सांगितलं, याचा मी तपास करतोय.

दादा